ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : आमच्या कारागिरांनी हात का आखडावा?

गॅरेजच्या दारात गाडी येऊन उभी राहते. मिस्त्री खिडकीतून आत डोकावतो, क्लचचा पायडल दिसत नाही, आणि तो उभ्या उभ्याच सांगून टाकतो, "शेठ, ऑटोमॅटिक आहे. कंपनीत घेऊन जा." गाडी वळते आणि निघून जाते. तिच्याबरोबर ऑइल बदलण्याचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे कामही निघून जाते. कारण ज्या गिऱ्हाईकाला आपण एकदा परत पाठवले ते पुन्हा आपल्या दारात येत नाही.

दुसरे दृश्य याच्या उलट आहे. मिस्त्री "होऊन जाईल" म्हणून गाडी आत घेतो, गिअरबॉक्स उतरवतो, खोलतो, आणि मग त्याला कळते की आतला पसारा आपण कधी पाहिलेलाच नाही. जळालेल्या प्लेटा बदलून, जसे जमेल तसे परत बसवून तो गाडी देऊन टाकतो. महिन्याभरात गाडी दोरीला बांधून परत येते आणि बाजारात नाव जाते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की ही दोन्ही वर्तने आमच्या कारागिरांचे सारखेच नुकसान करीत आहेत. पहिल्याने रोजी जाते, दुसऱ्याने रोजी आणि अब्रू दोन्ही जातात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो शिकण्याचा आहे, आणि वाटतो तितका अवघड नाही. आजच्या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

काळ कसा बदलला

महाराष्ट्रातील शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिम कारागिरांचा वाटा मोठा आहे, हे सांगण्यासाठी कोणत्याही आकडेवारीची गरज नाही. बाप मिस्त्री, मुलगा मिस्त्री, भाचा डेंटिंग-पेंटिंगवाला, जावई स्पेअर पार्टच्या दुकानात, अशी घरेच्या घरे आहेत. फियाट आणि ॲम्बॅसॅडरच्या दिवसांत हा कारागीर राजा होता. बारा-तेरा वर्षांचा पोरगा उस्तादाच्या हाताखाली पाने पुसता पुसता शिकायचा आणि विशीत स्वतःचे दुकान मांडायचा. त्याला पुस्तक लागत नव्हते, कारण गाडी बदलतच नव्हती.

२०१४ साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ॲम्बॅसॅडरचे उत्पादन थांबले, आणि त्याच वर्षी मारुतीने सेलेरिओ ही गाडी एएमटी गिअरबॉक्ससह बाजारात आणली. तोपर्यंत ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंताचा शौक, असा समज होता. तेव्हापासून मध्यमवर्गीयाच्या, बायका-मुलींच्या, म्हाताऱ्या गृहस्थांच्या गाडीतूनही क्लचचा पायडल नाहीसा होऊ लागला. त्या वेळी नव्या घेतलेल्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. त्यांची वॉरंटी कधीच संपली आहे. म्हणजे त्या आता कंपनीच्या नव्हे, आमच्या दाराशी येण्याच्या वयाला पोहोचल्या आहेत. नेमक्या याच वेळी आम्ही त्यांना परत पाठवणार काय?

सगळे ऑटोमॅटिक एक नव्हे

पहिली गोष्ट ही समजून घेतली पाहिजे की ऑटोमॅटिक हा एकच प्रकार नाही. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स तोच आपला जुना, हाताने टाकायचा असतो. फक्त क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा हात माणसाचा नसून यंत्राचा असतो. जो मिस्त्री मारुतीचा साधा गिअरबॉक्स डोळे मिटून खोलतो, तो एएमटीला घाबरून परत पाठवतो तेव्हा स्वतःच्याच अर्ध्या विद्येला परत पाठवतो. सीव्हीटीमध्ये दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. तिसरा प्रकार दोन क्लचचा, म्हणजे डीसीटी. चौथा आणि सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच आहे.

या चौथ्या प्रकाराचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हापासून तिथे ही विद्या गल्लोगल्ली पसरली. तिथे सामान्य माणूस सुटीच्या दिवशी घराच्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून टेबलावर मांडतो आणि स्वतः बांधतो. त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या क्लच प्लेटा, सील आणि गॅस्केट एका खोक्यात मिळतात. आपल्याकडे घरी गिअरबॉक्स बांधणे म्हणजे वेडेपणा समजला जातो. आम्हाला तो वेडेपणा वाटत नाही. काही अटी पाळल्या तर ती उत्तम शाळा आहे.

आपल्यापैकी अनेकांना ही विद्या दुरून का होईना माहीत आहे. रत्नागिरी, रायगडची किती तरी माणसे आखाती देशांत गेली. त्यातले काही तिथल्या गॅरेजांत राबले. अमेरिकन गाड्या तिथे भरपूर, आणि त्यातल्या बहुतेक ऑटोमॅटिक. कॅप्रिस, सबर्बन, टाहो अशा गाड्यांतला ४एल६०-ई नावाचा गिअरबॉक्स ज्याने उघडला असेल, त्याला पुढे लिहिलेले नवे वाटणार नाही. आमचे दुःख असे की ही मंडळी गावी परतली की घर बांधतात, मुलीचे लग्न करतात, किराणा दुकान टाकतात, आणि हातातली विद्या हातातच मरू देतात. त्यांच्या शेजारच्या गॅरेजातला पोरगा मात्र "कंपनीत न्या" म्हणत बसतो.

आत काय असते

याच ४एल६०-ईचे उदाहरण घेऊ. त्याचा जुना भाऊ ७०० आर ४ हा १९८२ मध्ये आला आणि विजेवर चालणारी ई आवृत्ती १९९३ मध्ये. आत ग्रहमालेसारखे दातेरी चक्रांचे संच असतात. मध्ये एक सूर्य, भोवती फिरणारी छोटी चक्रे आणि बाहेर कडे. यातले कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते फिरू द्यायचे, यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचे काम क्लच प्लेटांचे संच आणि पट्टे करतात. त्यांना दाबणारी शक्ती तेलाची. तेलाला वाट दाखवणारी व्हॉल्व्ह बॉडी. बस, मूळ गोष्ट एवढीच आहे.

हे एकदा डोक्यात बसले की गाडीच्या लक्षणावरून आतला आजार ओळखता येतो. या गिअरबॉक्समध्ये पहिला, दुसरा आणि रिव्हर्स चालतो पण तिसरा-चौथा पकडत नाही, तर तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा जळाल्या असण्याचा संशय पहिला. पहिला आणि तिसरा आहे, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले, तर सूर्यचक्राला फिरवणारी पत्र्याची वाटी, जिला सन शेल म्हणतात, ती तुटली असणार. यात जादू नाही. कोणत्या गिअरला कोणता भाग काम करतो याचा तक्ता समोर ठेवून केलेला हिशेब आहे. जो कारागीर हा तक्ता वाचू शकतो तो गिअरबॉक्स उतरवण्याआधीच गिऱ्हाईकाला नीट अंदाज देतो. जो वाचू शकत नाही तो उतरवून पाहतो, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक भरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्लेटा जळाल्या हा आजार नव्हे, ते आजाराचे लक्षण आहे. त्या का जळाल्या? तेल कमी होते? पिस्टनचे रबरी सील कडक होऊन दाब गळत होता? व्हॉल्व्हचे भोक झिजले होते? कूलर तुंबला होता? कारण न शोधता नव्या प्लेटा घातल्या तर त्याही जळतात. "पार्ट डुप्लिकेट निघाला" हे आमच्या गॅरेजांतले आवडते उत्तर अनेकदा या न शोधलेल्या कारणावर टाकलेले पांघरूण असते.

घरी शिकायचे तर

ज्याला शिकायचे आहे त्याने गिऱ्हाईकाच्या गाडीवर शिकू नये. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचा एक गिअरबॉक्स आणावा, घराच्या ओट्यावर किंवा गॅरेजच्या मागे एक टेबल मांडावे, आणि तो तीनदा खोलून तीनदा बांधावा. त्याने गाडी चालली नाही तरी हरकत नाही. हात चालायला लागतो.

या कामात आमच्या जुन्या सवयींपैकी काही सोडाव्या लागतील. पहिली सवय चिंधीची. ऑटोमॅटिकच्या आत कापडाचा एक धागा गेला तरी तो व्हॉल्व्हमध्ये अडकून बसतो. तिथे धागे न सुटणारा कागद, ब्रश आणि हवा वापरावी. दुसरी सवय ग्रीसची. बारीक वॉशर आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या गोळ्या जागेवर चिकटवायला साधे ग्रीस लावले तर ते गाळणीत आणि वाटांत जाऊन बसते. त्यासाठी व्हॅसलिन चांगले, कारण ते गरम तेलात विरघळते. तिसरी सवय अंदाजाची. प्रत्येक क्लच संचात ठरलेली फट असते. ती फीलर गेजने मोजावी लागते. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी निदान अर्धा तास तेलात भिजवाव्या लागतात. प्रत्येक संच बांधून झाल्यावर तेलाच्या भोकातून बेताची हवा मारून पिस्टन हलतो की नाही हे पाहावे लागते. शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजने मोजावी लागते.

दिव्य कुरआनात हजरत दाऊद (अ.स.) यांचा उल्लेख येतो. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा दिली. प्रेषितांच्या हातातल्या कामालाही माप लागले. मग आम्ही अंदाजावर का चालावे?

चौथी गोष्ट वही. खोलताना प्रत्येक भाग क्रमाने मांडावा, मोबाइलवर फोटो काढावा आणि वहीत मापे लिहावीत. इ.स. १२०६ मध्ये दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी या कारागिराने आपली यंत्रे कशी बनवायची ते चित्रांसह लिहून ठेवले. म्हणूनच आठशे वर्षांनंतरही जगाला त्याचे काम उभे करून दाखवता येते. आमच्या किती उस्तादांची विद्या त्यांच्या जनाज्याबरोबर गेली, याचा हिशेब कोण करणार?

शेवटी दोन धोके सांगतो. हा गिअरबॉक्स तेलाशिवायही साठ किलोंहून अधिक भरतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून त्याच्याखाली झोपू नये. चारही बाजूंना भक्कम घोड्या लावाव्यात आणि गिअरबॉक्सचा वेगळा जॅक वापरावा. जीव गेल्यावर विद्या काय कामाची? दुसरे, टॉर्क कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत फिरवत पूर्ण आत बसला पाहिजे. दोन-तीनदा खाली उतरल्याचे हाताला जाणवते. तो अर्धवट असताना इंजिनाचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला तर पुढचा पंप फुटतो आणि सारी मेहनत एका क्षणात वाया जाते.

आटे गेले की काय करता?

आता आम्ही त्या विषयाकडे येतो ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे घर ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. दोघांची झुंज झाली की ॲल्युमिनियम हरते. वर सांगितलेल्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनला १६ बोल्ट असतात, ८ मिलिमीटर जाडीचे. त्यांना आवळायचा जोर साधारण ११ न्यूटन मीटर. म्हणजे वीतभर, २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेपाच किलोचा भार. आमच्या मिस्त्रींचा हात सहज त्याच्या चौपट जोर लावतो, कारण तो ट्रकच्या चाकावर घडलेला असतो. शेवटच्या फेऱ्याला बोल्ट मऊ लागतो, मग फिरतच राहतो. आटे गेले.

आमच्या हातूनही हे झाले आहे. वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गाडीचे पॅन बसवताना घाईत लांब दांड्याचा गोटी पाना घेतला आणि एक बोल्ट फिरला. जुम्म्याचा दिवस, नमाजची वेळ झालेली, मालक गाडी न्यायला दारात उभा. आम्ही त्या भोकाभोवती सिलिकॉनचा लेप भरला, बोल्ट हलक्या हाताने टेकवला आणि गाडी दिली. कोणाला काही दिसले नाही. थेंब थेंब तेल गळत राहिले. मालकाने गाडी तशीच चालवली. काही महिन्यांनी गिअर घसरू लागला आणि शेवटी प्लेटा जळाल्या. त्याने आमच्यावर आरोप केला नाही, कारण त्याला माहीतच नव्हते. दुरुस्तीचा खर्च आम्ही भरून दिला, पण तो खरे सांगितल्यानंतर. आणि खरे सांगायला आम्हाला बरेच दिवस लागले. ते दिवस आजही आठवतात.

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हकीकत आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने सांगितले की पाऊस लागला होता. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. पाऊस लागणे हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवणे हा होता. आटे जाणे हाही गुन्हा नव्हे. ते मोठमोठ्या उस्तादांच्या हातून जातात. त्यावर सिलिकॉन भरणे, बोल्टला टेप गुंडाळणे, मोठा बोल्ट ठोकून बसवणे आणि गिऱ्हाईकाला न सांगणे, ही ओल दडवण्याचीच जात आहे. अशी कमाई हलाल कशी म्हणावी, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि यातली शरमेची बाब ही की आट्याची दुरुस्ती अवघड नाही. भोकात थोडे आटे शिल्लक असतील आणि खोली असेल तर जरा लांब बोल्टने काम भागते. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट आटे धरलेले असावेत, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला १२ ते १६ मिलिमीटर. लांब बोल्ट घेताना तो तळाला टेकत नाही ना, हे आधी पाहावे. आटे पूर्ण गेले असतील तर तारेचा पेच, ज्याला बाजारात हेलिकॉइल म्हणतात, तो बसवावा. ८ मिलिमीटर बोल्टचा आटा बहुधा सव्वा मिलिमीटर पिचचा असतो, पण आधी पिच गेजने खात्री करावी. मग ८.३ मिलिमीटरचे ड्रिल सरळ मारावे. ड्रिलला किती खोल जायचे त्या जागी टेप गुंडाळावा, म्हणजे ते पलीकडे निघत नाही. ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कीस आत न पडता त्यालाच चिकटून येतो. इथे ग्रीस चालते, कारण ते नंतर पुसून साफ करता येते. किटमधला खास टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हाताने चालवावा. ॲल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब पुरतात. भोक साफ करून तारेचा पेच असा फिरवावा की तो वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा फेरा खाली राहील. मग तळाची दांडी तोडून चिमट्याने बाहेर काढावी. ही तार स्टेनलेस असते, चुंबकाला नीट धरत नाही. म्हणून दांडी आत पडू देऊ नये. असा आटा मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूत होतो. एकदा हात बसला की हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे.

म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी आम्ही त्या दिवशी खोटे वागलो, तो अर्धा तास आम्हाला मालकाकडून मागता आला असता. "साहेब, एक आटा गेला आहे, नीट करून देतो, थोडे थांबा," एवढे वाक्य पुरेसे होते.

काय करता येईल

नुसती तक्रार करून लेख संपवणे आम्हाला मान्य नाही. आमच्या सूचना अशा आहेत.

एक, प्रत्येक गॅरेजने टॉर्क पाना आणि ६, ८ व १० मिलिमीटरचे आटा दुरुस्तीचे किट घ्यावे. दिवाणखान्यातल्या सोफ्याइतकाही खर्च नाही.

दोन, डायल गेज, दाब पाहण्याचा गेज, गिअरबॉक्सचा जॅक आणि स्कॅनर ही महाग साधने चार-पाच गॅरेजांनी भागीदारीत घ्यावीत. कोणाकडे किती दिवस, तुटले तर कोण भरणार, हे आधी लिहून ठेवावे. तोंडी भागीदारीने आमच्या किती भावांची तोंडे एकमेकांकडे वळायची बंद झाली, हे आम्ही पाहिले आहे.

तीन, घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला या कामात घ्यावे. इंग्रजी मॅन्युअल वाचणे, तक्ते समजावणे, बिल लिहिणे हे काम त्यांनी करावे. बापाचा हात आणि मुलीचे डोळे मिळून जो कारागीर तयार होतो त्याला तोड नाही.

चार, तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घालावे. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिक ऑइल आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर ऑइल घालून चांगले गिअरबॉक्स मारले जातात.

पाच, काढलेले भाग पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हवाली करावेत आणि बिलात जे केले ते स्पष्ट लिहावे. आटा गेला असेल तर तेही लिहावे.

आणि सहा, जे येत नाही ते येत नाही म्हणावे. मात्र "ऑटोमॅटिक आहे, कंपनीत न्या" असे न म्हणता "हे काम अमुक भाई चांगले करतात, बाकीचे काम माझ्याकडे आणा" असे म्हणावे. त्यात दोघांची रोजी राहते.

दोन आक्षेप

काही मिस्त्री म्हणतात, आता विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांना गिअरबॉक्सच नाही, मग या वयात शिकून काय उपयोग? ही शंका रास्त आहे. विजेच्या बहुतेक गाड्यांत एकाच वेगाची साधी चक्रे असतात, हे खरे आहे. पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेलच्या ऑटोमॅटिक गाड्या उद्या सकाळी नाहीशा होणार नाहीत. आणि विजेच्या गाडीतही ॲल्युमिनियमची घरे आहेत, त्यात पोलादाचे बोल्ट आहेत, आणि ते आवळणारा हात माणसाचाच आहे. माप, स्वच्छता आणि आट्याची कदर शिकलेला कारागीर तिथेही उपयोगी पडेल. न शिकलेला इथेही पडणार नाही.

दुसरे म्हणतात, एवढे मापाने काम केले तर वेळ लागतो आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करते, हे आम्हीही अनुभवले आहे. पण परत आलेल्या गाडीवर फुकट केलेल्या कामाचा हिशेब आमच्यापैकी कोणी वर्षाअखेर मांडला आहे काय? तो एकदा मांडून पाहावा. घाईने वाचवलेला वेळ त्या हिशेबात कुठे गेला ते दिसेल.

आमची आखातातून परतलेल्या मिस्त्रींना शेवटची विनंती आहे. आपल्या गावातल्या एका तरी पोराला टेबलाशी बसवा, एक भंगार गिअरबॉक्स त्याच्यापुढे ठेवा आणि पहिला बोल्ट त्याच्या हाताने उघडू द्या. आटा गेला तर त्याला रागावू नका. तो दुरुस्त कसा करायचा आणि मालकाला कसे सांगायचे, हे दोन्ही शिकवा.